आई पूजेत आहे

आमच्या भजनी मंडळात मी एकदा एक अनुभव सांगितला होता. ऐकता ऐकता बायांनी पदर डोळ्यांना लावले. मंडळातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत कडक बाई म्हणजे कमलाकाकू. त्यांनी उठून माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि वयाने माझ्या आईएवढ्या असून त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना वरच्यावर धरलं खरं, पण मनातून मला बरं वाटलं होतं. त्या दिवशी मी सांगितलेलं खोटं नव्हतं, ते अर्धं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन मी वर्षभर मिरवत राहिले. आज उरलेलं अर्धं लिहायला बसले आहे. लाज वाटते आहे, आणि ती वाटू द्यावी असं आता मला वाटतं.

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. सासरे हातमागावर लुगडी विणायचे. माग गेला, त्याखालचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली, आणि जिथे सासरे पाय सोडून बसायचे तिथे आता माझी शिलाई मशीन असते. मी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. रिद्धीचे बाबा हिंगण्याच्या एका कंपनीत दुसऱ्या पाळीला जातात. ते जेवून दुपारी निघतात आणि परत येईपर्यंत रिद्धी झोपलेली असते. म्हणजे रोजची संध्याकाळ घरात मी आणि माझी एकुलती एक मुलगी, एवढंच. ती संध्याकाळ सांभाळणं हेच माझं खरं काम होतं.

मशीनवर बसून बसून पाठ धरायची आणि रात्री झोप यायची नाही. एका महाशिवरात्रीला जाऊबाईंनी काळसर, आंबटगोड गोळी हातावर ठेवली. मुनक्का म्हणतात तिला. नाव मनुकांचं, पण आत भांग असते. पानठेल्यावर पुडीत मिळते आणि पुडीवर शंकराचं चित्र असतं. "आयुर्वेदिकच आहे वं, महादेवाचा प्रसाद आहे, घे," त्या म्हणाल्या. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. मग कधीमधी, मग एकाआड एक, आणि मग दिवेलागणीला रोज. एकीच्या दोन कधी झाल्या ते मला सांगता येणार नाही. ती दारू नव्हती, तंबाखू नव्हती, धूर नव्हता, तोंडाला वास नव्हता. शिवाय वर साक्षात महादेव बसलेले. पाप करायला एवढी सोय दुसरीकडे कुठे मिळाली असती?

गोळी घेऊन मी देवघरापुढे बसायची. दिव्याची ज्योत मोठी होत जायची, घंटेचा नाद अंगातून फिरायचा, वेळ कुठल्या कुठे जायचा. कधी डोळ्यांतून पाणी वाहायचं. मला खरोखर वाटायचं की माझी समाधी लागते. इतर बाया जपमाळ ओढताना कुकरच्या शिट्ट्या मोजतात आणि मला मात्र देव जवळ घेतो, असा माझा समज झाला होता. शेजारणी म्हणायच्या, "केवढी भक्ती आहे हिची, दोन-दोन तास हलत नाही." मी ऐकून घ्यायची आणि लाजल्यासारखं करायची. पुड्यांवर देवाचं चित्र असल्यामुळे रिकाम्या पुड्या कचऱ्यात टाकायची मला हिंमत नव्हती. त्या मी बिस्किटाच्या डब्यात, देवघराच्या मागे जमवत होते. निर्माल्यासोबत कधीतरी वाहत्या पाण्यात सोडू म्हणायची. देवाच्या चित्राचा एवढा मान ठेवणारी मी, घरातलं लेकरू जेवलं की नाही हे बघत नव्हते.

रिद्धीला दोनच गोष्टी मी नीट शिकवल्या होत्या. आई पूजेला बसली की हाक मारायची नाही, आणि कोणी दारात आलं तर "आई पूजेत आहे" म्हणून सांगायचं. बाकी सगळं ती आपलं आपण शिकली. नूडल्सची पुडी उकळायला शिकली, वेणी जमत नाही म्हणून केसांना नुसतं रबर लावायला शिकली, दुधाखालचा गॅस आठवणीने बंद करायला शिकली. ट्यूशनवरून आली की दप्तर काढायच्या आधी ती माझ्या डोळ्यांत बघायची. मला वाटायचं, पोरीला आईचा लळा आहे. ती काय बघत होती ते मला फार उशिरा कळलं. मैत्रिणींना घरी आणणं तिने केव्हाच बंद केलं होतं. पालक सभेत मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी वयापेक्षा फारच समजूतदार आहे." मी घरी येईपर्यंत तेवढ्यावरच फुगून होते. आठ वर्षांच्या पोरीला एवढं समजूतदार व्हायची गरज का पडावी, हा प्रश्न मला पडला नाही.

रिद्धीला लहानपणापासून दमा आहे. तिचा पंप फ्रीजवर ठेवलेला असतो आणि तो संपत आला की नवा आणणं माझं काम. त्या संध्याकाळी पंप संपलेला होता. मी देवघरापुढे बसलेली. तिने नियम मोडून माझा खांदा हलवला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो मला ऐकू येत होता, हे मी आज लपवणार नाही. तो आवाज कसला आहे हेही मला कळत होतं. 'उठते आता' असं मी मनात म्हटलं, आणि मला वाटलं मी उठलेसुद्धा. प्रत्यक्षात मी तिथेच बसून होते. मग खांद्यावरचा हात निघून गेला. मला शांत वाटलं.

ती एकटी गल्लीतून रस्त्यापर्यंत गेली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. एक बाई ई-रिक्षा घेऊन तिथून जात होती. तिने गाडी थांबवली. रिद्धीला धड बोलता येत नव्हतं, तरी तिने आपलं धंतोलीचं हॉस्पिटल सांगितलं आणि बाबांचा मोबाईल नंबर सांगितला. त्या बाईने तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवली म्हणतात. आत पोचवलं, बाबांना फोन लावला, वाफ सुरू होईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती निघून गेली. ना नाव सांगितलं ना गाव. बाबांनी शेजारणीला कळवलं आणि ती मला हलवून उठवायला आली तेव्हा पोरीचा श्वास ठिकाणावर आला होता. "आई कुठं होती हिची?" असं तिथल्या सिस्टरने विचारलं, तर रिद्धीने मास्कच्या आतून सांगितलं, "आई पूजेत आहे." सिस्टरने हात जोडले. "मग देवानंच सांभाळलं वं तुले," ती म्हणाली.

तेच वाक्य मी उचललं. पुढच्या सोमवारी मंडळात उभं राहून मी सांगितलं की मी इकडे महादेवाच्या चरणी होते आणि तिकडे महादेवाने पार्वतीमाईला माझ्या लेकरासाठी पाठवलं. आम्ही त्या बाईला खूप शोधलं होतं, ती पुन्हा दिसली नाही, हे खरंच होतं. तेही मी सांगितलं. रिद्धी माझ्या शेजारी सतरंजीवर बसून पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा दोरा काढत होती. तिने मान वर केली नाही.

एवढा धक्का बसल्यावर माणूस सुधारतो म्हणतात. मी आठवडाभर सुधारले. पण आता सोमवारी दोघी-तिघी माझी पूजा बघायला येऊन बसायला लागल्या होत्या, आणि गोळीशिवाय माझी पाच मिनिटांतच चुळबुळ सुरू व्हायची. लोकांना समाधी दाखवायची म्हणजे ती लागायला तर पाहिजे. मी पुन्हा घ्यायला लागले, पूर्वीपेक्षा जास्त. नाही म्हणायला फ्रीजवर पंप मात्र दोन ठेवले, आणि त्यातच मला आपण फार काळजी घेतो असं वाटलं.

मग गेल्या वर्षीचा पोळा आला. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटून गल्लीच्या टोकाशी नेऊन टाकायच्या आणि घरातली इडा-पीडा मारबतीच्या, म्हणजे जाळायच्या पुतळ्याच्या, हवाली करायची. त्या दिवशी शहरातून मोठ्या मारबतींची मिरवणूक निघते, पण आमच्या गल्लीतली मुलं आपली एक छोटी मारबत बांबू आणि कागदाची करतातच. मोठे डोळे, लाल जीभ, कोणाची तरी फाटकी साडी. सगळी गल्ली जमली होती. पोरं एकेक करून पुढे येत होती आणि ओरडत होती. "डेंगू घेऊन जा गे मारबत!" "महागाई घेऊन जा गे मारबत!" एकाने गणिताच्या मॅडमला घेऊन जायला सांगितलं तेव्हा सगळे हसले. रिद्धीचे बाबा ओट्यावर चहाचा कप घेऊन उभे होते. मी हातात पळसाची फांदी धरून बायांमध्ये उभी होते.

रिद्धीची पाळी आली. ती फारशी ओरडणारी मुलगी नाही. ती मारबतीच्या अगदी जवळ गेली, तिच्या कागदी तोंडाकडे बघितलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "माझ्या आईची पूजा घेऊन जा गे मारबत."

कोणी हसलं नाही. डफडं वाजवणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. कमलाकाकू पुढे झाल्या.

"काय बोलून राहिली वं पोरी? देवाच्या पूजेले असं म्हणतेत काय? कोणी शिकवलं तुले?"

"कोणी नाही शिकवलं, आजी."

"मग काहून म्हटलं? ज्या पूजेनं तुहा जीव वाचला, तिलेच घेऊन जा म्हणतेस? कान पकड. महादेवाची माफी माग."

रिद्धीने लगेच दोन्ही कान पकडले. आणि मी काय केलं, तर सुटकेचा श्वास सोडला. पोर चुकली, माफी मागितली, प्रकरण मिटलं, असं माझ्या मनात आलं. आईच्या मनात असं येतं यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आलं. तेवढ्यात कान तसेच धरून ती म्हणाली, "महादेवा, माफ कर. माझ्या आईला पूजा करू दे. मी हाक नाही मारणार."

आयुष्यभर ज्या शब्दांनी मी देव आळवला ते सगळे शब्द त्या पोरीच्या एका वाक्यापुढे मला खोटे वाटले. तिने मारबतीकडे एकच मागणं मागितलं होतं आणि माझी अब्रू राहावी म्हणून तेही परत घेतलं होतं. मी फांदी खाली टाकली, तिच्याजवळ गेले आणि तिचे हात कानांवरून काढले. आवाज कुठून आला माहीत नाही. तो मी काढला असं मला अजूनही म्हणवत नाही.

"पोरीवर रागावू नका काकू. ती खरं बोलली. मी पूजेत नसते. मी भांगेची गोळी खाऊन बसते. रोज."

काकूंनी हळू आवाजात विचारलं, "आन् पोरीले दम लागला, त्या दिवशी?"

"त्या दिवशीबी."

त्या जवळच्या ओट्यावर बसल्या. "मी तुह्या पाया पडून राहिली होती वं," एवढंच म्हणाल्या. कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. सगळी गल्ली खाली बघत होती. रिद्धीच्या बाबांनी कप ओट्यावर ठेवला आणि ते आत निघून गेले. फक्त रिद्धी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती होती. आता आईचं काय होईल याची भीती. एवढं होऊनही काळजी तिलाच होती, माझी.

मग काकू उठल्या. माझ्या हातातून पडलेली पळसाची फांदी त्यांनी उचलली, मारबतीच्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "घेऊन जा गे मारबत." काय घेऊन जा ते त्यांनी सांगितलं नाही. डफडं पुन्हा सुरू झालं आणि पोरं ती मारबत उचलून जाळायला घेऊन गेली.

आत रिद्धीचे बाबा पलंगावर बसले होते. मी उभीच राहिले. ते म्हणाले, "मले वाटे, तू देवाची झाली. म्हणो, आपण तं कंपनीत मरून राहिलो, घरात एक जण तरी देवाचं करून राहिलं." मग म्हणाले, "मीबी कधी विचारलं नाही, पोरगी जेवली का म्हणून." त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दुपारी कमलाकाकू आल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "कुठं आहे ते?" मी देवघरामागचा डबा काढून दिला आणि म्हटलं की वर देवाचं चित्र आहे, कचऱ्यात कसं टाकू. काकूंनी एक पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे काही देवाचं चित्र नोहे वं बाई, गिऱ्हाईक पकडाचं चित्र आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली तेव्हा तो डबा मी माझ्या हाताने तिच्यात टाकला.

मारबतीच्याच दिवशी संध्याकाळी मुलांचा तान्हा पोळा होता. रिद्धीचा लाकडी बैल सासऱ्यांनी जुन्या मागाच्या लाकडातून करून घेतलेला आहे. मागची दोन वर्षं तो तिने एकटीनेच सजवला होता. या वेळी मी शिंगं रंगवायला घेतली, पण गोळीची वेळ झाली होती आणि माझा हात थरथरत होता. रंग बैलाच्या डोळ्यात गेला. रिद्धी म्हणाली, "राहू दे, काजळ घातल्यासारखं दिसून राहिलं." मला हसू आलं आणि मग रडू आलं. ती घरोघर बैल घेऊन गेली तेव्हा मी तिच्यामागे चालत होते. काही बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

पुढचं सगळं सोपं गेलं असं मी सांगणार नाही. काकूंनीच मला धंतोलीत मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ज्या रस्त्याने ती अनोळखी बाई माझ्या मुलीला घेऊन गेली होती त्याच रस्त्याने आम्ही गेलो. बाहेरच्या बाकांवर गोंदिया, यवतमाळकडची माणसं डबे बांधून आली होती. मला वाटत होतं सगळे माझ्याकडेच बघताहेत. डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं ते मी भडाभडा सांगितलं, पण "मुलीला रात्री जेवायला काय आवडतं?" असं विचारलं तेव्हा मला उत्तर सुचेना. कित्येक रात्री झोप आली नाही, अंगाला घाम सुटायचा, विनाकारण चीड यायची. एकदा चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाऊन उभी राहिले आणि तशीच परत आले. परत येताना मी महादेवाचं नाव घेत नव्हते. रिद्धीचं घेत होते.

ती ई-रिक्षावाली कोण होती, हे मला आजही माहीत नाही. ती पार्वती होती असं मी आता म्हणत नाही आणि नव्हती असंही म्हणत नाही. एक लेकरू धापा टाकताना दिसलं आणि ती थांबली, एवढं मात्र मला माहीत आहे. मी तासन् तास डोळे मिटून ज्याला शोधत होते तो बहुतेक त्या वेळी माझा खांदा हलवत होता. शरण जाणं म्हणजे स्वतःला विसरून बसणं असं मी धरून चालले होते. देवाला तसं काही नको होतं. बोलावल्यावर ऊठ, एवढंच तो मागत होता, आणि ते एवढं सोपं होतं की मला ते देवाचं मागणं वाटलंच नाही. मारबत गल्लीच्या टोकाशी कधीच जळून गेली, तिची राख पावसात वाहून गेली. जे कोणी माझ्याकडून घ्यायला तयार झालं नसतं ते ती घेऊन गेली, म्हणून पळसाची फांदी कुठे दिसली की माझे हात आपोआप जुळतात.

रिद्धी अजूनही ट्यूशनवरून आली की दप्तर काढायच्या आधी माझ्या डोळ्यांत बघते. बघू दे. तिला हवी तितकी वर्षं बघू दे. सुरुवातीला कोणी दारात आलं की तिच्या तोंडून सवयीने "आई पूजेत आहे" निघून जायचं, मी स्वयंपाकघरात असले तरी. ते ऐकलं की मी आतल्या आत मरायची.

परवा दिवेलागणीला मी माळ घेऊन देवघरापुढे बसले होते. दारावर कोणीतरी आलं, ब्लाऊज न्यायला असावं. रिद्धी खाली बसून गृहपाठ करत होती. मी श्वास धरून ऐकत राहिले. तिने वहीतून डोकंही वर काढलं नाही.

"आई वं," ती म्हणाली, "ऊठ, कोणी आलं."

माळ अर्धीच झाली होती. ती तशीच ताम्हनात ठेवून मी उठले आणि दार उघडलं.